शेंडीची तोंडी परीक्षा

तंद्रीने मावशीला छातीठोकपणे सांगून टाकलं की या वेळी तिची कालवड अशी चालेल, अशी उभी राहील, की परीक्षक नुसते बघत बसतील. मावशी आपल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे बसून एका फ्रेमचा स्क्रू पिळत होती. तिने मान वर न करताच म्हटलं, "कालवडीची मला काळजी नाही गं. ती सरळच चालेल. तिच्या पुढे जी चालणार आहे ना, तिची आहे."

मावशीचं बोलणं खोचक होतं, पण उगाच नव्हतं. तंद्री हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. पशुविज्ञान शिकायला विद्यापीठात आली आणि पहिल्याच महिन्यात ते तिला चिकटलं. मग हजेरी घेणारे सरही तेच म्हणायला लागले. पोरगी हुशार, जनावरांवर जीव टाकणारी, पण मन म्हणाल तर दावं तुटलेलं वासरू. वर्गात चाऱ्यातली प्रथिनं सुरू झाली की ही एका मोठ्या कुरणावर जाऊन पोचायची. तिथे तिच्या शंभर गायी असायच्या, प्रत्येकीला ती नुसत्या श्वासावरून ओळखायची, आणि ऊन कायम कलतं असायचं. तिथून तिला परत आणायला सरांना फळ्यावर डस्टर आपटावा लागे.

मागच्या वर्षीचा पराक्रम तर सगळ्या विद्यापीठाला पाठ होता. त्याचं असं झालं. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक वासरू देतात. ते वर्षभर सांभाळायचं, आणि परीक्षेच्या दिवशी तोंडाला म्होरकी बांधून, दोरी हातात धरून मैदानाला फेरी मारायची. मग मधोमध चारी पाय सरळ करून त्याला उभं करायचं आणि परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. तेवढ्यात जनावर बसलं किंवा सुटलं तर नापास. आणि परत नेऊन गोठ्यात बांधेपर्यंत परीक्षा संपली असं म्हणायचं नाही. मागच्या वर्षी तंद्रीने फेरी फार सुरेख मारली. मान ताठ, पावलं एका लयीत, नजर लांब कुठेतरी. फक्त दोरीच्या टोकाला वासरू नव्हतं. पहिल्याच वळणावर ते म्होरकीतून डोकं काढून निघून गेलं होतं आणि परीक्षकांच्या टेबलाशी उभं राहून त्यांची टोपी चघळत होतं. ही बया रिकामी दोरी ओढत फेरी पूर्ण करून आली, मैदानाच्या मधोमध थांबली आणि नम्रपणे म्हणाली, "उभं करू का, सर?"

या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालं की शिक्षण बंद, असा विद्यापीठाचा नियम होता. शिक्षण बंद म्हणजे मावशीचं दुकान. आईच्या माघारी मावशीनेच तिला वाढवलेलं, त्यामुळे दुकानात बसायला तिची ना नव्हती. पण दिवसभर चष्म्यांच्या काचा पुसायच्या आणि काचेतून बघावं तर पलीकडे कुरण नाही, रस्ता. दुकानालाही तिचा फारसा उपयोग नव्हता म्हणा. एकदा तिने एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला होता, आणि तो माणूस आठवडाभर भिंतींना नमस्कार करत हिंडला.

तेव्हा या वर्षी तिने कंबर कसली. तिला मिळालेली कालवड तपकिरी रंगाची होती. दोन्ही शिंगांच्या मधे केसांचा झुबका उभा, म्हणून नाव पडलं शेंडी. पशुपोषण शिकवणाऱ्या बाईंनी तंद्रीला एकच गोष्ट बजावली होती: जनावराला उपदेश कळत नाही, सवय कळते; जे करशील ते रोज कर आणि एकाच वेळी कर. तंद्रीने ते वेदवाक्य मानलं. सकाळी ती शेंडीला चालवायची आणि उभं राहायला शिकवायची, तेही मुकाट्याने. तोंड उघडलं की आपलं मन उधळतं, एवढं तिला स्वतःबद्दल कळून चुकलं होतं. म्हणून सकाळी अळीमिळी गुपचिळी.

दुपारी मात्र अभ्यास. शेंडीचं खाणंपिणं झालं की तंद्री तिच्या कप्प्यात शिरायची, गवतावर बसायची, तिच्या पोटाला पाठ टेकायची आणि प्रश्नोत्तरं मोठ्याने म्हणायची. वाचलं तर डोळे मिटतात, म्हटलं तर राहतं, असा तिचा हिशोब. पण म्हणता म्हणता त्याला एक चाल लागली. "कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट नि खरं पोट," असे गायीच्या पोटाचे चार कप्पे हेलकावे घेत चालायचे. फळ्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे आत यायचे, त्यांत गवताची धूळ सावकाश तरंगायची. शेंडीचं पोट पाठीमागे वर-खाली व्हायचं, रवंथाचा कुरकुर आवाज यायचा, शेजारच्या कप्प्यांतली वासरंही गजांना नाक लावून ऐकायची आणि एकेक करून खाली बसायची. मग शेंडीची मान वळून कुशीवर यायची. जाळीपोटापर्यंत शेंडी निजलेली असायची आणि पडदेपोटापर्यंत तंद्री. असं सुख कुणाला मिळतं सांगा.

वर्षभर हा नेम एकदाही चुकला नाही. सकाळचं मुकाट्याने, दुपारचं मोठ्याने. आणि या दोन्हींची आपसात कधी गाठच पडली नाही, हे तिच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पण ध्यानात येण्यासाठी माणूस आधी जागेवर लागतो.

परीक्षेच्या दिवशी मावशी दुकान बंद करून आली आणि कुंपणाला टेकून उभी राहिली. परीक्षक बाहेरून आले होते. उंच, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ. मागच्या वर्षीचा किस्सा कुणीतरी सांगितला असावा, कारण टोपी त्यांनी घातलीच नव्हती. तंद्रीचा नंबर पहिला. तिच्यामागे बाकीची मुलं आपापली वासरं धरून कुंपणाशी ओळीत थांबली होती.

आणि काय चालली म्हणता शेंडी! दोरी सैल, मान वर, पाऊल कसं मोजून. तंद्रीने तर फेरीत सात-आठ वेळा मागे वळून वासरू आहे ना ते पाहून घेतलं. मधोमध येऊन शेंडी चारी पायांवर अशी उभी राहिली की मावशीने शेजारच्या अनोळखी बाईला कोपर मारून सांगितलं, आमची आहे. परीक्षकांनीही मान डोलावली आणि पहिला प्रश्न विचारला. गायीच्या पोटाचे कप्पे किती आणि कोणते?

तंद्रीला आनंद झाला. तिने श्वास घेतला आणि सुरू केलं, "कोटीपोट, जाळीपोट..."

शेंडीने पुढचे दोन्ही गुडघे टेकले.

तंद्री दचकून गप्प झाली. शेंडी तशीच, पुढून खाली आणि मागून वर, क्षणभर थांबली आणि पुन्हा उभी राहिली. परीक्षकांनी भुवई उचलली आणि पुढचं सांगायला सांगितलं. तंद्रीने तोंड उघडलं, शेंडीने गुडघे टेकले. तंद्रीने तोंड मिटलं, शेंडी उठली. तीन वेळा हेच झाल्यावर परीक्षक वाकून शेंडीचे पाय बघू लागले. हिच्या सांध्यांत दोष दिसतोय, असं म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

डॉक्टर पिशवी घेऊन धावत आले. त्यांनी गुडघे दाबले, ताप पाहिला, म्होरकी सैल करून तोंडात बॅटरी मारली. सगळं ठीक होतं. मग त्यांनी तंद्रीला विचारलं की हिला खायला काय काय घालता. बिचारी घाबरलेली. घाबरल्यावर तिला पाठ केलेलंच आठवायचं, आणि तेही चालीवर. तिने हिरवा चारा, सुका चारा, पेंड नि मीठ अशी मोठ्याने सुरुवात केली. शेंडी बसली. आणि तेवढ्यावर भागलं नाही. कुंपणाशी ओळीत उभ्या असलेल्या वासरांपैकी पहिल्याने गुडघे टेकले, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, आणि बघता बघता अख्खी ओळ जमिनीवर. दोऱ्या धरून मुलं तेवढी उभी राहिली.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "साथ आहे," ते हळूच म्हणाले. पण हळूच म्हटलेलं सगळ्यांनाच ऐकू जातं. परीक्षा थांबली. फाटक लागलं. कुणी बूट धुवायला औषधाचं पाणी आणलं, कुणी गोठ्याला दोरी बांधून रस्ता अडवला. पाण्याचे, चाऱ्याचे नमुने घ्यायला माणसं धावली. वर्गातली मुलं तंद्रीकडे अशी बघत होती की डोळ्यांनी मारता येत असतं तर ती तिथेच आडवी झाली असती. सकाळची दुपार झाली. पशुपोषणाच्या बाईंनी तर तिच्याकडे पाहणंच सोडून दिलं.

तंद्री शेंडीजवळ उभी होती. तिला समोर मावशीचं दुकान दिसत होतं, भिंतभर चष्मे, आणि सगळे तिच्याकडेच रोखलेले. आणि मग ऊन जरा कललं, शेंडीने तिच्या कमरेला नाक घासलं आणि गवतावर बसायची वेळ झाली की करते तसा सुस्कारा टाकला. तेव्हा कुठे पोरीच्या डोक्यात उजेड पडला. सांगावं तर फजिती, न सांगावं तर गोठाभर वासरांना सुया. तिने त्या वासरांकडे पाहिलं आणि सरळ परीक्षकांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, साथ नाहीये. ती आजारी नाहीत. मी बोलले की त्यांना झोप येते."

परीक्षकांना आधी ही थट्टाच वाटली. मग तिने सगळं सांगितलं आणि शेवटी खात्रीसाठी पूर्ण उत्तर चालीवर म्हणून दाखवलं. रवंथावर येईपर्यंत सगळी वासरं माना वळवून निजली. डॉक्टरांनी पेंढीवर बूड टेकलं. कुंपणाशी मावशीची हनुवटी छातीला लागली. परीक्षकांनी एक जांभई दाबली, दुसरी त्यांना दाबता आली नाही.

"बाई," त्यांनी पशुपोषणाच्या बाईंना विचारलं, "उत्तर मोठ्याने द्यायचं, असं नियमात कुठे आहे का?"

बाईंनी जरा विचार केला आणि नाही म्हटलं.

मग शेंडीला उठवून जी परीक्षा नव्याने झाली तशी त्या मैदानात कधी झाली नव्हती. परीक्षक प्रश्न विचारायचे आणि तंद्री ओठ घट्ट मिटून शेंडीच्या अंगावर उत्तर दाखवायची. कोटीपोट कुठे, तर डाव्या कुशीवर तळहात. नाडी कुठे, तर शेपटीच्या बुडाशी बोट. वय कशावरून, तर खालचा ओठ ओढून दात. श्वास कसा मोजायचा, यावर तिने कुशीवर हात ठेवला आणि डोळे मिटून हलकेच मान हलवत राहिली, शेंडीच्या लयीत. चारी पायांवर उभी असलेली शेंडी आणि तिला हाताने वाचणारी ती पोरगी, एवढंच तिथे होतं. मावशी आता टक्क जागी होती आणि नाक पुसत होती.

परीक्षकांनी जायची खूण केली. तंद्री दोरी धरून निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिच्या मनाने दावं तोडलं. जी उत्तरं तोंडातच राहिली होती ती मनातल्या मनात घोळवत, कुरणावरून, कलत्या उन्हातून ती चालत राहिली. गोठ्याच्या दारात खुंट्याशी वाकली तेव्हा तिला दिसलं की हातात नुसती दोरी आहे. डॉक्टरांनी सैल केलेली म्होरकी परत घट्ट करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गोठ्यात बांधेपर्यंत परीक्षा संपत नाही. मागे बघायची तिला हिंमत होईना.

मागून ओलं नाक तिच्या मानेला लागलं. शेंडी आपली आपण आली होती. तिला ओलांडून ती आपल्या कप्प्यात गेली, रोजच्या जागी बसली आणि पुस्तक कधी उघडतेस अशा नजरेने बघू लागली.

परीक्षक आणि मावशी दारापर्यंत आले होते. दोघांनी सगळं पाहिलं. मावशीने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"साहेब," ती म्हणाली, "कालवड तर पास झाली. आमच्या मुलीचं काय?"

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं. "तिच्याबरोबर आलीय ना," ते म्हणाले, "तिलाही करून टाकू."

मावशीला हा निकाल घरी गेल्यावर परत सांगावा लागला. कारण तो लागला तेव्हा तंद्री शेंडीच्या पोटाला पाठ टेकून जाळीपोटाच्या पलीकडे पोचली होती.