उभ्या जीपमधली खडखड

आमच्या बुढीनं, म्हणजे बायकोनं, माझ्यासोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे जीपच्या रेडिएटरला नवा पाईप बसवणं. मी पाना फिरवत होतो, ती बादली धरून उभी होती. म्हणाली, "नीट आवळा जी, पायजाम्याचा नाडा नाही हा." मी म्हणालो, "तू पाणी ओत." तिनं ओतलं. चहा पिऊन झोपली. सकाळी उठली नाही.

तिचं नाव कौसल्या, पण गावात सगळे पार्टवाली आजी म्हणत. भंडाऱ्याच्या दुकानातून गाडीचे पार्ट घरपोच यायचे. ते आणायचा देवराम, चाळिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप. बुढी त्याला दारातच अडवायची. पायावर पाणी टाकायची, खोक्यावरून भाताचा गोळा ओवाळून फेकायची, मग आत घ्यायची. नवी सून यावी तसा आमच्या घरी ऑइल फिल्टर आला.

पहिल्या वेळी देवराम लाजून अर्धा झाला. "मावशी, मी पार्सलवाला आहो, नवरदेव नाही."

"चूप राय. घरात लोखंड आनून राहिला ना? मंग उजवा पाय पहिले टाक."

हे वेड कशानं लागलं ते सांगतो. ही जीप माझी सवारीची. मोहाडी ते तुमसर जन्मभर हाणली. डोळे अधू झाले, सवारी सोडली आणि ओट्यावर बसलो. जेवण नको, कोणाशी बोलणं नको. शेजारचा सीताराम असाच बसला होता, तो त्याच साली मेला. बुढीनं त्याचा धसका घेतला. मला ऐकू जाईल असं म्हणायची, "बसलेला मानूस मले घरात नाही पायजे."

त्यानंतर तिला आवाज ऐकू यायला लागले.

"खडखड करून राहिली जी!" उठल्याबरोबर हेच.

"गाडी उभी आहे, बुढे."

"उभी असून इतकी करते, चालन तं काय करन?"

की लावला दुकानात फोन. दोन दिवसांनी देवराम हजर. मग मी जीपखाली शिव्या देत निजलेला, ती वरून पाने देणार, तेही चुकीचे. तिचं डोकं फिरलं असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो, तिच्या तोंडावर.

एकदा तर हद्द झाली. ब्रेकचे नवे लायनर आले. लोखंडावर कुंकू टिकत नाही म्हणून बाईनं ते तेलात कालवून लावलं. मला काही सांगितलं नाही आणि मला काही दिसलं नाही. तेल लागलेला ब्रेक धरत नसतो. ब्रेक पाहायला गाडी तलावाच्या पाळीवर, बांधावर, नेली आणि दाबला तर जीप सरळ पाण्यात. मासे धरणाऱ्यांनी दोर लावून ओढली. त्यातला एक म्हणतो, "आबाजी, आले तं आले, जाळं काहून नाही आनलं?" बुढी शेजारच्या सीटवर, पदर सावरून, पाय वर घेऊन. म्हणते, "पूजा कमी पडली."

राख सावडून आलो त्या दिवशी मी ओट्यावर बसलो. भाऊबंद चहा पिऊन गेले. ताट पुढ्यात तसंच राहिलं, माशा बसल्या. तेवढ्यात देवरामची गाडी आली. त्याला काही ठाऊक नव्हतं. खोकं घेऊन दारात थांबला, पाणी येईल म्हणून.

"मावशी कुठं गेली?"

मी नदीकडे हात केला. तो पायरीवर खालीच बसला.

मी विचारलं, "काय आहे खोक्यात?"

"पाट्याचे बुश."

पाटे म्हणजे गाडीच्या खालच्या स्प्रिंगा, त्यात हे रबर असतं. "पाटे चांगले आहेत. कायले मागवले तिनं?"

देवरामनं खोकं खाली ठेवलं. "काकाजी, तुमच्या गाडीले काहीच नाही झालं. मावशी फोनवर पार्टाचं नाव नसे सांगत. म्हने, 'लावाले टाईम लागन असं पाठव. मागचं फिल्टर बेकार होतं, बुढ्याचं आंघोळीच्या आधीच झालं.' मालक हसे, पन शोधून देये."

"आन् हे?"

"या खेपेले म्हने, 'खाली निजून ठोकावं लागते असं पाठव. हप्ताभर पुरलं पायजे. नाही तं बुढा मंग बसते.'"

तो गेला. ताट कुत्र्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जीपला जॅक लावला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "सुतकात गाडी खोलून राहिले का जी?" मी पोतं अंथरलं आणि खाली सरकलो. जुने बुश हातानं चाचपून पाहिले. अजून दोन-तीन वर्षं सहज टिकले असते. मी हातोडी घेतली आणि ठोकायला लागलो.