धुराचा वैरी बाबल

आमच्या वाडीत एखाद्या सुनेला दिवस गेले की तिच्या दारात सुईणीच्या आधी बाबल हजर होतो. हातात पाण्याची बादली. चूल धुमसत असली तर सरळ चुलीत ओततो, वर भात शिजत असला तरी. कोणी ओरडलंच तर विचारतो, "पोटातल्या पोराक नाक धरूक येता काय?"

मी सहसा कुणालाही शेवटचं बोलू देत नाही; बाबल तेवढा अपवाद.

एका घरी सत्यनारायणाला गेला, तर देवापुढचा धूप उचलून अंगणात ठेवून आला. घरची पोर गरोदर होती. भटजी भडकले. हा शांत. "भटजीनू, देवाचा नाक लांब असता. तेका थयसून वास येता."

पुढे माझ्याच सुनेला दिवस गेले. भाजावळीचे दिवस होते. भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण, पाला पसरून पेटवायचं, जमीन भाजून काढायची. माझी ती जागा मागच्या दाराला लागून. पाला रचला, काडेपेटी आणायला आत गेलो, येऊन बघतो तर ढिगावर बाबल. छत्री उघडून बसलेला.

"ऊठ मेल्या! माझ्या आज्यान हयच भाजावळ केली."

"आज्याक इचारून ये जा. मी बसलंय हय."

"पेटवतंय हां!"

"पेटय. माका जाळूक वेगळी लाकडां आणूची लागाची नाय."

तो उठेना, मी हटेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी सून दोघांना चहा घेऊन आली आणि त्याला म्हणाली, "काकानू, एवढां कित्याक ओ?"

बाबलने बशीत फुंकर मारली. मग बोलला. लेकीला दिवस गेले तेव्हा मुंबईची हवा वाईट म्हणून त्याने तिला पहिल्याच महिन्यात घरी आणली होती. आणि घरच्या पडवीत तेव्हा त्याची काजू भाजायची भट्टी. नात जन्मली ती काळजाला भोक घेऊन. मुंबईत ऑपरेशन झालं. आता तिथेच शाळेत जाते, पण धुरापासून जपायचं, म्हणून इकडे आणत नाहीत.

"डाक्टर म्हणालो, धुरानच झाला असा सांगूक येणा नाय, बरीच कारणा असतत. मी इचारलंय, मगे धुरान झाला नाय असा तरी सांगा. म्हणालो, तांय सांगूक येणा नाय."

सून आत गेली. माघार घेणं मला जमत नाही. मी एवढंच म्हटलं, "व्हाळापलीकडची माती औंदा बरी दिसता."

दोघांनी पाला डोक्यावरून ओढ्यापलीकडे नेला. मी काडी लावणार, तर बाबलने हात धरला. वारा कुठला ते बघितलं, परत बघितलं.

"हयसून माझ्या घराक धूर जावचो नाय मां?"

"तुझ्या घराक आसा कोण धूर खावक?"

"आता कोण नाय," तो म्हणाला. "पण जात नसलो तर लेकीक फोन करीन म्हणतंय. मे म्हयन्यात पोरीक घेवन ये म्हणान."