मिरचीच्या गोडाऊनमधला क्लब

विधीने पाठवलेला व्हिडिओ जिनेशने सकाळपासून सात वेळा पाहिला होता. हाउस म्युझिकचा व्हिडिओ. निळसर अंधार, धूर, एकसारखे पडणारे ठोके आणि डोळे मिटून डोलणारी शे-दीडशे सडपातळ माणसं. एवढ्या गर्दीत कोणाला घाम येत नाही, कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. भिंतीला टेकलेला एक मुलगा एका मुलीकडे बघतो, ती त्याच्याकडे बघते. चार मिनिटं दोघं नुसतं बघतात आणि पाचव्या मिनिटाला समुद्रकिनाऱ्यावर असतात. तिथवर कोणत्या गाडीने गेले, ते काही दाखवत नाहीत.

साखरपुडा होऊन पाच महिने झाले होते. जळगावची विधी फोनवर भरभरून बोलायची आणि दोंडाईचाचा जिनेश 'हो', 'बरं' आणि 'जेवण झालं?' एवढ्या भांडवलावर वेळ मारून न्यायचा. आपण मिरचीच्या धंद्यातले, तिला रटाळ वाटत असणार, ही धास्ती त्याने मनाशी धरलेली. त्यात हा व्हिडिओ आला. म्हणजे तिला असा मुलगा हवाय, नाही जमलं तर लग्न मोडणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं आणि लग्नाआधीचे व्हिडिओ काढणाऱ्या धुळ्याच्या प्रशीलला फोन लावला.

"प्रशीलभाऊ, तुमच्या धुळ्यात एखादा क्लब आहे का?"

"आहे ना. संध्याकाळी रिटायर मंडळी कॅरम खेळतात."

"तसला नाही हो! धूर, लाइट, नाच."

"मग आपणच उभा करू. मोठी, बंद जागा बघा. छत उंच पाहिजे."

अशी जागा घरचीच होती. वडिलांचं, म्हणजे लालचंदशेठचं, मिरचीचं गोडाऊन. हंगाम संपून पोती गेली होती. जिनेशने फरशी दोनदा झाडून घेतली, मधोमध उभं राहून छाती भरून श्वास घेतला आणि वास अजिबात येत नाही, अशी खात्री करून घेतली. तीन पिढ्या मिरचीत मुरलेल्या नाकाला विचारून त्याने हा निकाल दिला होता. छताच्या लोखंडी कैच्यांवर वर्षानुवर्षं बसलेल्या मिरचीच्या पुडीकडे त्याने मान वर करूनही बघितलं नाही.

त्या दिवशी विधीला जेवायला बोलावलं होतं. घरात सूर्यास्तानंतर कोणी जेवत नसल्यामुळे पाहुण्यांची ताटं साडेपाचलाच वाढायची होती. तेव्हा क्लबची वेळ दुपारी तीन ते पाच ठरली. शटर ओढलं की रात्रच, असं प्रशीलचं म्हणणं पडलं. गर्दीसाठी मिरचीची देठं खुडणाऱ्या पंधरा बाया बोलावल्या. झुंबरबाई त्यांची पुढारी.

"हसायचं नाही," जिनेशने समजावलं, "उड्या मारायच्या नाहीत. डोळे मिटून हळूहळू डोलायचं. मनात काहीतरी दुःख असल्यासारखं."

"कोन मरी गयं का, भाऊ?" झुंबरबाईने काळजीने विचारलं.

"नाही हो. प्रेमाचा व्हिडिओ आहे."

"हसानं नही, उड्या मारान्या नहीत, मंग इतला मोठा बाजा कसाले लाया?"

तेवढ्यात आपल्या बहिणीला, रुचीला, सोबत घेऊन विधी आली. "हे काय चाललंय?" ती म्हणाली. जिनेश व्हिडिओतल्या मुलासारखा भिंतीला टेकला आणि तिच्याकडे बघू लागला. प्रशीलने शटर ओढलं, धुराचं मशीन सोडलं आणि संगीत लावलं.

पहिल्या ठोक्याला पत्रे थरथरले. दहाव्या ठोक्याला वरून काहीतरी भुरभुरू लागलं. धुराच्या पंख्याने ते सगळीकडे पोचवलं. दिव्यांच्या झोतात लालसर धुकं तरंगताना बघून प्रशील हरखला. "काय इफेक्ट आलाय, जिनेशभाऊ!" गोडाऊनमध्ये त्याने बोललेलं ते शेवटचं पूर्ण वाक्य.

आधी प्रशील शिंकला, मग रुची, मग प्रशीलसोबत आलेला धुराचा मशीनवाला. बायांनी सवयीने पदर नाकाला लावले आणि शेठच्या मुलाने सांगितलंय म्हणून निमूटपणे डोलत राहिल्या. गर्दीपलीकडे विधीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पाहून जिनेशला भरून आलं. मुलगी हेलावली, आता समुद्रकिनारा तेवढा राहिला, असं मनाशी म्हणत त्याने नजर आणखी गहिरी केली.

"अहो, बघताय काय!" विधी ओरडली. "मरतेय मी! पाणी!"

त्याच वेळी शटर वर गेलं. दारात लालचंदशेठ उभे. लाल ढगातून ते शांतपणे चार पावलं आत आले, दोनदा हुंगून म्हणाले, "कोणाची मिरची आली रे? चांगली तेज दिसतेय."

जिनेशने विधीला हाताला धरून बाहेर नळावर नेलं. सगळं संपलं, हे त्याला कळून चुकलं होतं. लाजेने तो रडायच्या बेतात होता. पण आता घाबरायलाही काही शिल्लक नव्हतं, म्हणून त्याचं तोंड उघडलं.

"डोळे चोळू नका, आणखी झोंबतील. नुसतं पाणी मारा. मी लहानपणी एकदा चोळले होते, दोन दिवस शाळेत गेलो नाही. ही वरची पूड जुनी, तिचा रंग थोडा उतरलेला, पण तिखटपणा जात नाही. मला आधी कळायला हवं होतं. तुम्हाला व्हिडिओतल्यासारखा मुलगा हवा, म्हणून मी…"

"मला?" विधीने लालभडक डोळे उघडले. "अहो, मी चिडवलं होतं तुम्हाला! तो पोरगा अख्ख्या गाण्यात एक शब्द बोलत नाही. म्हटलं, अगदी आमचे हेच!"

ती हसायला लागली, शिंकायला लागली, पुन्हा हसायला लागली. जिनेशच्या छातीवरचं पाच महिन्यांचं पोतं उतरलं. मग तो जो बोलू लागला तो बोलतच राहिला. रंगाची मिरची कोणती, तिखटाची कोणती, ओल मुठीत कशी ओळखायची, हे सगळं त्याने नळापाशी सांगितलं. जेवताना वाळवणावर आला. स्टेशनच्या रस्त्याला देठांवर आला.

फलाटावर विधीला आईचा फोन आला. शेजारी उभा राहून जिनेश रुचीला मिरचीच्या बियांचे उपयोग सांगत होता. विधी दोन पावलं बाजूला सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "हो गं आई, मुलगा खरंच चांगला आहे. मला आवडला. फक्त एकच… जरा बोलतो फार."