दोन-सात-चारचा आवाज

आमच्या विमानतळावर उतरायची परवानगी मागणारा एक आवाज कित्येक वर्षं वर घिरट्या घालत होता. विमान नव्हतं, फक्त आवाज होता.

विमान केव्हाच गेलं होतं. हे सुरू झालं त्या सकाळी आमच्या पठारावर दाट धुकं होतं आणि कॅप्टन दिनकर कारखानीस यांनी दोन-सात-चार क्रमांकाचं विमान उतरवायची परवानगी मागितली होती. तेव्हाच्या नियंत्रकानं ‘स्टँडबाय’ म्हटलं. आमच्या धंद्यात याचा अर्थ हो नाही आणि नाहीही नाही. गप्प राहा, आम्हीच बोलावू, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यात टॉवरची वीज गेली आणि बोलवायचं राहून गेलं. इंधन संपत आल्यावर सहवैमानिकानं विमान शेजारच्या शहरात नेलं, प्रवासी आपापल्या बॅगा घेऊन घरी गेले. पण कॅप्टनच्या आवाजाला थांबायला सांगितलेलं होतं. तो शिस्तीचा असल्यामुळे थांबला.

त्या नियंत्रकाची बदली झाली आणि त्याच्या जागी मी आलो. चार्ज घेताना मला एक दुर्बीण, दोन खुर्च्या आणि हा आवाज मिळाला. मुख्यालयाला विचारलं, तर विमान नसेल तर उतरण्याची परवानगी देता येत नाही आणि आवाज असेल तर तो नाही असं म्हणता येत नाही, असं उत्तर आलं. मुख्यालयाकडून इतकं स्पष्ट उत्तर मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आमच्याकडे दिवसाला एखादंच विमान येतं. बाकी वेळ समोर धावपट्टी, तिच्या कडेचं वाळलेलं गवत आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. मी एकटा माणूस. कामावर आलो की आधी विचारायचो, “दोन-सात-चार, ऐकू येतंय का?”

“स्पष्ट ऐकू येतंय. वाट पाहतो आहे.”

मी त्याला वारा सांगायचो. वैमानिकानं सूचना ऐकली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, असा नियम आहे. याला रीडबॅक म्हणतात. तो वारा परत म्हणायचा. पुढे मी इतर गोष्टीही सांगू लागलो.

“दोन-सात-चार, आज डब्यात दोडका. मीठ जास्त झालंय.”

“आज डब्यात दोडका. मीठ जास्त. दोन-सात-चार.”

माझं बोलणं इतकं नीट आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बहीण नागपूरला कायमची राहायला गेली तेव्हाही मी त्यालाच सांगितलं. “बहीण नागपूरला. कायमची,” तो म्हणाला. एक शब्द त्यानं गाळला नाही. मला फार बरं वाटलं.

कॅप्टनचं काय झालं असेल हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. नोकरी सुटल्यावर माणसाला दुसरा आवाज मिळत असेल, असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी टॉवरचा जिना चढून एक बाई वर आल्या. धाप लागली होती. म्हणाल्या, “मी नीलिमा कारखानीस. आमच्या ह्यांचा आवाज तुमच्याकडे आहे म्हणे.”

मी त्यांना दुसरी खुर्ची दिली. कॅप्टन खाली आगमन कक्षात बाकावर बसले होते. धुक्याच्या त्या सकाळपासून ते एक शब्द बोललेले नव्हते. “डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या. “लेकीच्या लग्नात नुसते हात जोडून उभे होते हो. लोकांना वाटलं, माणूस शिष्ट आहे.”

मी मुख्यालयाचं उत्तर सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं.

“विमान नाहीच, तर धडकणार काय आणि कशावर?”

मी मायक्रोफोन त्यांच्यापुढे सरकवला.

“अहो,” बाई म्हणाल्या, “पुरे झालं आता. घरी चला.”

“बोलणाऱ्यानं ओळख द्यावी.”

“मी नीलिमा.”

“नीलिमा, स्टँडबाय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हे मला नवं नाही,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले.

मी मायक्रोफोन माझ्याकडे घेतला. परवानगी दिली की उद्या डब्याचं सांगायला कुणी उरणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. वारा पाहिला, धावपट्टी पाहिली, आकाश रिकामं होतं.

“दोन-सात-चार, वारा पश्चिमेचा, मंद. उतरायला परवानगी आहे.”

“वारा पश्चिमेचा, मंद. उतरायला परवानगी आहे. दोन-सात-चार. धन्यवाद.”

धावपट्टीच्या कडेचं गवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकलं आणि उभं राहिलं. आम्ही दोघं खाली धावलो.

कॅप्टन बाकावरच होते. त्यांनी दोनदा खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, “नीलिमा, माझा चष्मा गाडीतच राहिला वाटतं.”

बाई तिथंच जमिनीवर बसल्या आणि रडू लागल्या. कॅप्टननी त्यांना उठवलं, मग माझ्याकडे वळून अदबीनं विचारलं, “आपली ओळख?”

आवाज तोच होता. मला वाटत होतं, तो निदान दोडक्याचं तरी काही बोलेल.

“मी पतंगे. वर टॉवरमध्ये असतो.”

“अस्सं. छान, छान,” ते म्हणाले. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं म्हणालो, “दोन-सात-चार, आज डब्यात पडवळ.” उत्तर आलं नाही. पुन्हा म्हणालो. मग रीडबॅकची वाट पाहत पाळी संपेपर्यंत बसून राहिलो. संध्याकाळी वाण्याकडे साबण मागायला तोंड उघडलं, तर काहीच बाहेर आलं नाही. मी बोट दाखवून साबण घेतला.

माझ्यानंतरच्या पाळीला फरीदा मुजावर असते. नवीन आहे, पण हुशार. सकाळी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “सर, तुमचा आवाज वर आहे. पडवळ म्हणत होता. त्याच वेळी माझं विमान उतरत होतं, घाईत मी स्टँडबाय म्हणून गेले.”

नियमाप्रमाणे तिनं बरोबरच केलं होतं. मी मान हलवली. आता मला टॉवरखालच्या खोलीत कागदोपत्री काम दिलं आहे, आणि हेही म्हणूनच लिहून कळवतो आहे. जिना चढून मला न्यायला येईल असं माझं कुणी नाही. बहिणीला फोन करावा, तर बोलणार कशानं?

परवा फरीदा जेवणाच्या सुट्टीत खाली आली. बराच वेळ ओढणीचं टोक चाळवत बसली.

“सर, उतरवू त्याला? तुम्ही म्हणाल तर आत्ता उतरवते.” मग हळूच म्हणाली, “माझी मंडळी सगळी मिरजेला. इथं खोलीवर बोलायला कुणी नाही. काल मी त्याला माझ्या डब्यात मेथी आहे म्हणून सांगितलं. त्यानं अगदी बरोबर परत म्हटलं.”

मी समोरचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं: स्टँडबाय.