संकेतस्थळाचा वेग वाढवण्याचा ठराव

कोणतीही संस्था तिच्या पदाधिकाऱ्यांच्या फोटोंवरून ओळखली जाते. (कामावरूनही ओळखता आली असती, पण तेवढा वेळ हल्ली असतो कुणाला?) उदगीरच्या शिवमंगल वधू-वर सूचक मंडळाला हे फार लवकर उमगलं. समाजातल्या पोरापोरींची लग्नं जमावीत म्हणून मंडळानं संकेतस्थळ काढलं. त्यावर सगळ्यात वर अध्यक्ष नागप्पा फेटा बांधून हात जोडत. मग उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, सल्लागार, ज्येष्ठ सल्लागार आणि नुसतेच ज्येष्ठ. त्यांच्याही खाली, बघणाऱ्याचा अंगठा दुखायला लागला की, वधू आणि वर.

संकेतस्थळात दोष म्हणावा असा एकच होता. ते उघडत नसे. पडद्यावर एक चकती गरगरत राही आणि माणूस चहा ठेवून, पिऊन, कप विसळून आला तरी ती गरगरतच असे. मंडळानं याला ‘भरघोस प्रतिसाद’ असं नाव दिलं होतं.

राजशेखरअप्पा या मंडळाचे सहकोषाध्यक्ष. मोंढ्यात त्यांचं भुसाराचं दुकान होतं. मंडळाकडे कोष नव्हता, त्यामुळे सहकोषाध्यक्षानं नेमकं काय करायचं हे त्यांना कधी कळलं नाही. फोटो काढायचा असतो एवढं मात्र बरोब्बर कळलं. काय फोटो आला होता म्हणता! बसस्टँडसमोरच्या फ्लेक्ससाठी काढलेला तोच, तेवढाच मोठा, संकेतस्थळावर चढवला होता. इतरांचेही तसेच. राजशेखरअप्पांची लेक अंबिका लातूरला एका दवाखान्यात फार्मासिस्ट होती. तिचाही फोटो संकेतस्थळावर होता, तळाला.

अंबिकानं आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडलं होतं. पण नांदेडच्या मल्लिकार्जुनअप्पांचा रुद्रेश तिनं एका लग्नात पाहिला होता, आणि तो तिच्या मनात भरला होता. तिनं बापाला सरळ सांगितलं, “अप्पा, हे स्थळ घालवू नका.” इकडे मल्लिकार्जुनअप्पांचा फोन आला, “शरणार्थ, राजशेखरअप्पा. तुमचं ते संकेतस्थळ उघडूनच न्हाई राहिलं. पोरगं रजेवर आलंय, रविवारी हैदराबादला परत जाईल. त्याच्या आत फोटो दिसला तर बरं.”

“मग माझा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा की,” अंबिका म्हणाली.

“न्हाई बाई. माहिती फक्त संकेतस्थळावरूनच द्यायची, असा मंडळाचा नियम हाय.” (हा नियम अप्पांनीच मांडला होता. त्याबद्दल त्यांच्या गळ्यात हारही पडला होता.)

तातडीची बैठक बसली. लातूरहून भागवतला बोलावलं. संकेतस्थळ त्यानंच बनवलं होतं. तो म्हणाला, “पदाधिकाऱ्यांचे फोटो लई जड हायेत, अन् खाली वधू-वरांचे हजारभर. वरचे बारीक करतो, चुटकीसरशी उघडंल.”

“बारीक म्हंजे?” नागप्पांनी विचारलं. “मोठा करून बघितला तर फेट्याची जरीकिनार दिसंल का?”

“जरीकिनार न्हाई दिसायची.”

“मग कशाला बारीक करायचं?”

प्रश्न रास्त होता. सखोल विचारविनिमय झाला. नेट कंपनीचा निषेध झाला. बैठकीचं टेबल टॉवरच्या बाजूच्या खिडकीला लावून झालं. अखेर एका ज्येष्ठांनी बिनतोड मुद्दा मांडला: पदाधिकारी कायम आहेत, वधू-वर येतात आणि जातात, तेव्हा वजन कमी करायचं तर तात्पुरत्या मंडळींचं करावं. ठराव मांडला गेला. वधू-वरांचे सर्व फोटो काढून टाकावेत.

‘माझा फोटो काढून टाका, पोरीचा राहू द्या,’ हे वाक्य राजशेखरअप्पांच्या अगदी ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात भागवतनं नमुना म्हणून नवं संकेतस्थळ भिंतीवर दाखवलं. ते झटक्यात उघडलं, आणि अप्पा स्वतः, भिंतभर, झळाळत समोर उभे राहिले. त्यांचा हात वर गेला. ठराव एकमतानं मंजूर झाला.

वेगात झालेली सुधारणा शंभर टक्के. जमलेली लग्नं पूर्वीइतकीच. भागवतला शाल-श्रीफळ देऊन गौरवण्यात आलं, आणि त्या सत्काराचे फोटो लगेच संकेतस्थळावर चढवण्यात आले.

रविवारी नांदेडहून फोन आला. अप्पांनी तो सुट्टीला घरी आलेल्या अंबिकासमोरच उचलला. आवाज मोठा ठेवलेला होता.

“आता कसं झटकन उघडलं! पण लेकीचा फोटो कुठंच न्हाई, तुमचाच हाय. निलंग्याच्यांनी त्यांच्या पोरीचा फोटो सरळ फोनवर धाडला. पोरानं तिकडं होकार दिला. राग मानू नका.”

अंबिकाचे डोळे भरून आले आणि तिनं मान दुसरीकडे वळवली.

“अन् राजशेखरअप्पा, तुमचा फोटो मात्र लई झकास हाय. कुठं काढला?”

अप्पांनी एकदा लेकीच्या पाठीकडे पाहिलं. मग घसा साफ करून त्यांनी स्टुडिओचा पत्ता खाणाखुणांसकट नीट सांगितला.

हसा की, हसायला काय हरकत आहे? फक्त एवढं सांगा: तुमच्या घरच्या गेल्या लग्नाचे फोटो ग्रुपवर आले, तेव्हा तुम्ही आधी कुणाला शोधलंत? नवरीला?