सव्वीस एप्रिलचा मुहूर्त

टेमघरच्या भाऊंच्या घरी लेकीच्या, विनिताच्या, लग्नाची तारीख काढत होते. तिचा भाऊ भावेश गप्प बसला असता तर चहा निवायच्या आत ती निघालीही असती. पण रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर ‘आजचा दिनविशेष’ टाकून टाकून त्याच्या जिभेला नसती खाज सुटली होती.

“पंधरा एप्रिल,” भटजी म्हणाले.

“पंधराला टायटॅनिक बुडालेली,” भावेश बोलला. त्याला कुणीही विचारलं नव्हतं.

नवरदेव सागर बोटीवर नोकरीला. त्याचे वडील, अकलोलीचे नामाशेठ, यांच्या हातातली बशी ओठांपाशीच थांबली. “दुसरी काढा, गुरुजी.”

“वीस एप्रिल.”

“हिटलरचा बड्डे.”

“सून आणायची हाय आमाला,” नामाशेठ बोलले.

दारात उभ्या विनिताने भावाकडे जे पाहिलं, ते नामाशेठना दिसलं असतं तर त्यांनी वीस तारखेवर कायमची फुली मारून टाकली असती.

आता उरली सव्वीस. मे महिन्यात सागर पुन्हा बोटीवर जाणार होता. सगळ्यांनी भावेशकडे पाहिलं. त्याने जीभ चावून धरली, पण ती सुटलीच. “रशियाची अणुभट्टी फुटली. चेर्नोबिल. शहाऐंशी साली.”

नामाशेठ चपला शोधू लागले. “पुढच्या साली बघू, भाऊ. घाई काय हाय.”

पुढच्या साली म्हणत किती लग्नं मोडतात, हे विनिताला पक्कं ठाऊक होतं. तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून तिची आई हौसा आली.

“सव्वीस एप्रिल, शहाऐंशी? त्याच दिवशी तर आमचं लगीन झालं. काय वाकडं झालं? घर झालं, पोरं झाली. एकच जरा बिघडलेला हाय,” ती भावेशकडे बघत म्हणाली.

“खरं काय, भाऊ?” नामाशेठनी विचारलं.

भाऊ जरा चाचरले, मग छाती काढून म्हणाले, “म्हंजे काय? वरातीतच रेडिओवर बातमी लागलेली. मीच बोललो, भट्टी फुटो न्हायतर काय पण फुटो, बेंजो बंद पडला न्हाय पायजे.”

रशियाने ती बातमी दोन दिवस दाबून ठेवली होती, हे भावेशला तोंडपाठ. त्याने तोंड उघडलं. विनिताने त्याच्या पायावर टाच रोवली. सव्वीसवर सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरात शिरला. “आई, तुमचं लगीन सव्वीसला न्हाय झालेलं ना?”

“न्हाय.” हौसा कप विसळत होती. “खरी तारीख मलाच ठाव हाय. दर साली त्या दिवशी नवी साडी नेसून यांच्यासमोरनं फिरते. एकदा पण विचारलं न्हाय, आज काय हाय म्हणून.”

भावेशला फार वाईट वाटलं. “मी सांगतो बाबांना.”

बाहेर अंगणातल्या ओट्यावरून भाऊंचा फोनवरचा आवाज आला. “हारवाले, चार हार पायजेत. दोन पोरांचे, दोन आमचे. आमचं पण त्याच दिवशी झालेलं. याद ठेव.”

हौसाचा हात थांबला. “आता काय पण सांगू नकोस त्यांना,” ती हळूच म्हणाली. “लग्नानंतर पयल्यांदा हार घालतायत.”