सगळ्या मापांचा मॉडरेटर

ज्या माणसाला घरात चहाची गाळणी धड निवडता येत नाही, त्याच्यावर रायफल क्लबाने मॉडरेटर निवडायची जबाबदारी टाकली, तेव्हाच खरं तर कोणीतरी विचारायला हवं होतं, की बाबांनो, शुद्धीवर आहात ना? पण डॉक्टर श्रीकांत बेहेरे पडले भूलतज्ज्ञ. समोरचा माणूस शुद्धीवर नसला म्हणजेच त्यांचं काम सुरू होतं.

मँचेस्टर सोडून तासभर गाडी हाकली, की थ्रॅपल्टन नावाचं गाव लागतं. गाव म्हणजे एक चर्च, एक पब, एक पोस्ट ऑफिस आणि भरपूर तक्रारी. गावाबाहेरच्या जुन्या दगडाच्या खाणीत तिथल्या रायफल क्लबाची रेंज होती आणि श्रीकांत त्या क्लबाचे जुने मेंबर होते. आयुष्यात त्यांनी कागदाच्या टार्गेटाशिवाय कशावरही गोळी झाडली नव्हती, आणि तो कागदही बऱ्याचदा बचावत असे. तरी पाऊस असो, धुकं असो, शनिवार चुकायचा नाही. हॉस्पिटलात दिवसभर 'नाऊ रिलॅक्स, रिलॅक्स' असं कुजबुजणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी धाडकन आवाज करावासा वाटला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

क्लबाने मात्र एवढ्या वर्षांत त्यांना एकच काम सांगितलं होतं. समोसे. समोसा हा आमचा पदार्थ नव्हे, असं त्यांनी सुरुवातीला समजावून पाहिलं. कोणी ऐकेना. शेवटी त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी लंडनमधल्या ईलिंगच्या बहिणीकडून कृती मागवली आणि त्या मुकाट्याने समोसे तळू लागल्या.

मग एक साल असं उजाडलं. उन्हाळ्यात गावाने पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीकडे, धाव घेतली. रेंजच्या आवाजाने कोंबड्या अंडी देत नाहीत, कुत्री पलंगाखाली जाऊन बसतात, चर्चच्या व्हिकरचं प्रवचन मधेच तुटतं. कौन्सिलच्या अध्यक्षा मिसेस व्हिटेकर यांनी ठणकावून सांगितलं, "आवाज बंद करा, नाहीतर रेंज बंद करू. दसऱ्याच्या शनिवारी येऊन स्वतः पाहणार आहे." (दसरा हा शब्द अर्थात आपला. त्या म्हणाल्या ऑक्टोबरचा तिसरा शनिवार.)

क्लबाची तातडीची मीटिंग भरली. उपाय सगळ्यांना माहीत होता. रायफलच्या नळीला पुढे एक नळकांडं बसवायचं, म्हणजे गोळीच्या बाराचा आवाज बराच दबतो. त्याला मॉडरेटर म्हणतात. अडचण अशी, की क्लबात रायफली तीन मापांच्या. एक बारकी पॉइंट टू-टू, एक मधली टू-फोर-थ्री आणि एक दांडगी थ्री-ओ-एट. आणि पोलिसांनी परवाना दिला एकाच मॉडरेटरचा. म्हणजे एकच नळकांडं तिघींना बसायला हवं. क्लबाचे प्रमुख कॅप्टन नॉर्मन ऑग्डेन, जे एरवी डुकरं पाळत, त्यांनी पाइप खाली ठेवला.

"डॉक," ते म्हणाले, "लोकांना आवाज न करता झोपवणं हा तुझा धंदा आहे. तूच निवड."

डॉक्टरांचे डोळे पाणावले. समोशांनंतर हा पहिलाच मान. घरी येताना त्यांनी गाडी इतकी वेगात आणली, की दारात ब्रेक मारल्यावर शेजारच्यांचा पडदा हलला.

"अगं वैजू, ऐकलंस का? मला निवडलं!"

"कशाला? समोसे वाढवून हवेत का?"

"समोसे कसले! मॉडरेटर! क्लबाचं अख्खं भवितव्य माझ्या हातात आहे!"

"ते काय असतं?"

डॉक्टरांनी हातवारे करून सांगितलं.

"मग सरळ सायलेन्सर म्हणा ना."

"छे छे! सायलेन्सर नाही म्हणायचं. सायलेन्सर सिनेमात असतो. जंटलमन लोक मॉडरेटर म्हणतात."

त्या दिवसापासून घराचा नूर बदलला. जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग, बाथरूममध्ये कॅटलॉग, देव्हाऱ्याशेजारी कॅटलॉग. आतल्या चकत्या कशा, चकत्यांमधले कप्पे कसे, सगळं डॉक्टरांनी परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं. हॉस्पिटलात ते पेशंटला दहापासून उलटं मोजायला सांगत आणि स्वतः 'टू-टू, टू-फोर-थ्री, थ्री-ओ-एट' असं पुटपुटत. एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटता मिटता सिस्टरला म्हणाले, "यांना मोजता येत नाही वाटतं." आणि मग काळजीतच झोपले.

पेच मोठा होता. बारक्या रायफलच्या मापाचं भोक घेतलं, तर तिचा आवाज छान दबतो, पण दांडगीची गोळी त्यातून जाणारच नाही. दांडगीच्या मापाचं घेतलं, तर बारकीचा आवाज थोडा बाजूने निसटणार. डॉक्टर रात्र रात्र छताकडे बघत पडायचे. शेवटी एका सकाळी वैजयंतीबाईंनी पोळी तव्यावर टाकत विचारलं, "अहो, नक्की अडलंय कुठे?"

डॉक्टरांनी सांगितलं. सांगायला पाऊण तास लागला. पोळ्या संपल्या.

"मग मोठ्या भोकाचं घ्या," बाई म्हणाल्या. "लहान गोळी मोठ्या भोकातून जाईल. मोठी लहानातून जाणार नाही. यात निवडायचं काय आहे?"

"तुला वाटतं तितकं सोपं नाही ते!"

डॉक्टर तडक मँचेस्टरला मिस्टर टॅटरसॉल यांच्या बंदुकांच्या दुकानात गेले. टॅटरसॉल साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मोठ्या भोकाचं घ्या. बाकी दोघींना आटे जुळवणारा जोड लावून देतो. यात निवडायचं काय आहे?" आवाजाचा सूरसुद्धा वैजयंतीबाईंचाच. पण डॉक्टर घरी येऊन म्हणाले, "सखोल विचारविनिमय करून आम्ही निर्णय घेतला आहे."

पोलिसांचे सोपस्कार पुरे होऊन मॉडरेटर हातात पडला तो नेमका शनिवारच्या आदल्या संध्याकाळी. काळंभोर, गुळगुळीत, लाटण्याएवढं नळकांडं. परवाना डॉक्टरांच्या नावाचा, म्हणून एक रात्र ते त्यांच्याच घरी राहणार. आणि ती रात्र होती खंडेनवमीची!

आता बेहेऱ्यांच्या घरात खंडेनवमी कधी चुकली नव्हती. दरवर्षी पाटावर हत्यारं मांडून पूजा व्हायची. हत्यारं म्हणजे डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, वैजयंतीबाईंचं शिवणयंत्र, गाडीच्या किल्ल्या आणि लॉनमोअर. त्यांची रायफल असायची क्लबाच्या पोलादी कपाटात, त्यामुळे ती कधी पाटावर आली नाही. पुण्याचे थोरले बंधू एकदा फोनवर म्हणाले होते, "श्रीकांता, पूर्वजांनी तलवारी पुजल्या. तू गवत कापायचं यंत्र पुजतोस?" तो शब्द डॉक्टरांच्या काळजात घुसून बसला होता. यंदा प्रथमच घरात खरंखुरं शस्त्र आलं होतं. (शस्त्राचा तुकडा म्हणा. पण तुकडा तर तुकडा.)

डॉक्टर सोवळं नेसले. लॉनमोअर कोपऱ्यात गेला. पाटाच्या मधोमध मॉडरेटर उभा राहिला, भोक वर करून, ऐटीत.

"आडवं ठेवा हो," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"शस्त्र आडवं ठेवत नाहीत. ताठ असतं ते."

मग हळद आली. करंड्यातली चिमूटभर हळद डॉक्टरांना पुरेना, म्हणून स्वयंपाकघरातला डबाच आला. पाठोपाठ कुंकू. पाठोपाठ अक्षता. डॉक्टर मंत्र म्हणत होते आणि दर मंत्राला मूठ सैल सोडत होते.

"अहो, वरून टाकू नका. आत जातंय सगळं."

"देवाचं आहे. जाऊ दे थोडं आत. अंगी लागेल."

शेवटी बागेतला उरलासुरला झेंडू डॉक्टरांनी दांड्यासकट त्या भोकात खोचला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"अहो," वैजयंतीबाई म्हणाल्या, "फुलदाणी नव्हे ती."

सकाळी डॉक्टरांनी झेंडू काढला, नळकांडं दुर्बिणीसारखं डोळ्याला लावलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडे शेजारच्यांचं मांजर स्वच्छ दिसलं. "क्लिअर!" ते ओरडले. आतल्या चकत्यांमध्ये कप्पे असतात आणि कप्प्यांत पडलेलं आरपार बघताना दिसत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण परीक्षेला पाठ केलेलं ऐन वेळी आठवतं कुठे?

थ्रॅपल्टनला सगळं गाव लोटलं होतं. मिसेस व्हिटेकर दुधी रंगाचा नवा कोट आणि तसलीच हॅट घालून डॉक्टरांच्या मागे, जरा बाजूला उभ्या होत्या. चेहऱ्यावर असा भाव, की रेंज बंद करून मगच जेवायचं. शेजारी कॅप्टन ऑग्डेन घाम पुसत होते. गावात आवाज किती पोचतो हे ऐकायला व्हिकरसाहेबांना वॉकी-टॉकी देऊन चर्चच्या फाटकाशी बसवलं होतं. वैजयंतीबाई समोशांच्या टेबलामागे होत्या.

"आतून तपासलंय ना, डॉक?" ऑग्डेननी हळूच विचारलं.

"मी स्वतः पाहिलंय. मांजर दिसलं."

ऑग्डेनना मांजराचा उलगडा झाला नाही, पण वेळ नव्हता. ते कानात म्हणाले, "आज चुकलं तर क्लब संपला रे."

"सगळ्यात मोठी रायफल आधी," मिसेस व्हिटेकरांनी फर्मावलं.

पहिल्या बाराचा मान डॉक्टरांचा. सगळ्यांनी कानावर इअरमफ चढवले. डॉक्टर आडवे झाले. छाती इतकी धडधडत होती, की नेम छातीबरोबर वरखाली होत होता. मनातल्या मनात त्यांनी कुलदैवताला हाक मारली आणि ट्रिगर दाबला.

आवाज झाला, ठप्प. बस्स, एवढाच! पण त्याबरोबर नळीच्या तोंडातून एक पिवळाधमक ढग बाहेर पडला, त्यामागून एक लालभडक ढग, आणि त्यामागून सणसणत अक्षता. वाऱ्याने क्षणभर विचार केला आणि सगळं उचलून मागे आणलं.

डॉक्टरांनी डोळे उघडले. हात लाल. बाही लाल. नाकाच्या शेंड्यावरून काहीतरी लाल ओघळत होतं. रोज ऑपरेशन थिएटरात उभा राहणारा हा माणूस, पण ते रक्त दुसऱ्यांचं असतं!

"मेलो!" डॉक्टर किंचाळले. "वैजूऽऽ! मेलो गंऽऽ!"

कानावर इअरमफ होते, त्यामुळे आपण किती जोरात ओरडतोय याचा त्यांना अंदाज आला नाही. म्हणून ते पुन्हा ओरडले, आणि या वेळी जीव ओतून.

वैजयंतीबाई धावत आल्या. त्यांनी नवऱ्याच्या नाकावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि इअरमफ उचलून म्हणाल्या, "उठा. कुंकू आहे."

डॉक्टर उठले. मागे वळले. मिसेस व्हिटेकरांची दुधी हॅट पिवळी झाली होती, कोट लाल झाला होता आणि भुवयांवर तांदूळ होते. शेजारी ऑग्डेनही नखशिखांत तसेच. दोघांचं नुकतंच लग्न लागलंय असं वाटत होतं. डॉक्टरांना पुढचं सगळं दिसलं. रेंज बंद, क्लब बंद, आणि गावात जन्मभर तोंड दाखवायला जागा नाही.

तेवढ्यात वॉकी-टॉकी खरखरला.

"हॅलो? सुरू केलं की नाही तुम्ही अजून?" व्हिकर विचारत होते. "रायफल काही ऐकू आली नाही. कुठेतरी गाडीचं दार लागलं, तेवढंच. पण एक माणूस फार भयंकर ओरडला. दोनदा. मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. अँब्युलन्स बोलावू का?"

मिसेस व्हिटेकरांनी भुवयांवरचे तांदूळ पुसले. मग त्यांनी वैजयंतीबाईंना विचारलं, "हे काय आहे?"

"हळद-कुंकू," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आमच्यात बायका एकमेकींना लावतात. शुभ असतं. एवढं नाही लावत. आमच्या यांचा हात सढळ आहे."

मिसेस व्हिटेकरांचा ओठ थरथरला. रागाने असावा, असं सगळ्यांना वाटलं. पण बाई हसत होत्या! हसता हसता हॅटवरचे तांदूळ खाली सांडत होते. त्यांनी समोसा घेतला, दुसरा घेतला. दरम्यान ऑग्डेननी मॉडरेटर काढून झटकून साफ केला (डॉक्टरांना हात लावू दिला नाही) आणि उरलेल्या दोन्ही रायफलींचे बार स्वतः काढले. व्हिकरना दोन्ही वेळा काही ऐकू आलं नाही. टाळ्या वाजल्या. क्लब वाचला! ऑग्डेननी डॉक्टरांना मिठी मारली आणि उरलीसुरली हळद त्यांना परत केली.

मिसेस व्हिटेकरांनी तिथल्या तिथे निकाल सांगितला. रेंज चालू राहील. रायफलींबद्दल गावाची कसलीही तक्रार नाही. अट एकच, ज्या शनिवारी डॉक्टर बेहेरे येणार असतील, त्या शनिवारी गावाला आधी कळवावं.

परत येताना गाडी वैजयंतीबाई चालवत होत्या. डॉक्टर मांडीवर कुलूपबंद पेटी धरून बसले होते. कानांच्या पाळ्या अजून लाल होत्या, पण छाती पुन्हा फुगत चालली होती.

"काही म्हण, निवड मात्र अचूक होती हं माझी."

"अहो," वैजयंतीबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "हे कुठल्याही मापाला बसतं ना?"

"म्हणजे काय!" डॉक्टर ताठ झाले. "कुठल्याही! त्यासाठीच तर निवडलंय!"

"मग घरी गेल्यावर तुम्हाला लावून बघू या."